जुना रेंजफाइंडर कॅमेरा: पहिला रोल वाया जाऊ नये म्हणून काय आणि कोणत्या क्रमानं करायचं

आजोबांच्या पेटीत सापडलेला किंवा ऑनलाइन मागवलेला जुना रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा कॅमेरा) हातात आला की बहुतेक जण त्याच दिवशी रोल भरतात. पुढे लॅबकडून कोऱ्या निगेटिव्हची पट्टी येते आणि बोल कॅमेऱ्याला किंवा लॅबला लागतो. खरी गोची वेगळीच असते. या कॅमेऱ्यात डोळा एका खिडकीतून बघतो आणि फिल्म दुसऱ्याच भिंगातून. लेन्सवर टोपण राहिलेलं असो, फोकस चुकलेला असो, शटरच्या पडद्याला भोक पडलेलं असो की रोल पुढे सरकतच नसो, खिडकीतलं चित्र स्वच्छच दिसतं. त्यामुळे डोळ्यानं जे कळत नाही ते हातानं आणि कानानं आधीच तपासावं लागतं, तेही ठरावीक क्रमानं.

आपल्याकडे साधारण तीन घराणी सापडतात: याशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट क्यूएल१७, आणि झोर्की किंवा फेड हे सोव्हिएत बनावटीचे. उदाहरणं त्यांचीच घेतली आहेत. दुसरा कॅमेरा असला तरी क्रम हाच.

## टप्पा १: रिकाम्या कॅमेऱ्याची तपासणी

रोल न घालता मागचं झाकण उघडा आणि पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसा.

शटर. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून कॅमेऱ्यात असतील त्या सगळ्या वेगांवर शटर मारा आणि मागून बघा. १ सेकंद, १/३०, १/५०० यांच्या आवाजात आणि उजेडाच्या झपकीत फरक कळला पाहिजे. कॅनोनेट आणि याशिकाचं शटर पात्यांचं असतं. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर पात्यांवर तेल ओशटतं. पहिल्यांदा मारलं की नीट उघडतं, चौथ्या-पाचव्या वेळी अर्धवट अडकतं. एकदा चाललं म्हणून खूश होऊ नका, वीस वेळा मारा.

झोर्की-४ मध्ये कापडी पडदा असतो. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून टॉर्च धरा आणि मागून बघा. सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला तरी प्रत्येक फोटोत पांढरा डाग येणार.

सावध: झोर्की आणि फेडमध्ये आधी शटर ताणायचं, मग वेगाची चकती फिरवायची. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. तालुक्याच्या गावात ती दुरुस्त करणारा माणूस मिळणं अवघड आहे.

बॅटरी. याशिका इलेक्ट्रोला बॅटरी नसेल तर शटर वाजतं, पण प्रत्येक वेळी १/५०० वरच. म्हणजे कॅमेरा चालतोय असं वाटतं आणि सावलीतले सगळे फोटो काळे. मूळची ५.६ व्होल्टची पारा-बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, फक्त ती लहान असल्यामुळे रिकाम्या जागेत स्प्रिंग घालावी लागते. कॅनोनेटची मूळ बॅटरी १.३५ व्होल्टची. तिच्या जागी साधा १.५ व्होल्टचा सेल घातला की उजेड मोजणारं मीटर चुकीचं सांगतं. कानाच्या यंत्राला लागणारी ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टची असते. ती बारीक रिंग लावून बसवा. काही आठवड्यांत संपते, पण तोवर मीटर भरवशाचं राहतं. बॅटरी अजिबात नसली तरी कॅनोनेट हातानं वेग आणि अ‍ॅपर्चर लावून चालतो.

फोम. जपानी कॅमेऱ्यांच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. इतक्या वर्षांत त्याचं डांबर झालेलं असतं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटनं ओला करून तो साफ करा आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवा. शटरच्या दिशेनं थेंबसुद्धा जाऊ देऊ नका. झोर्कीत हा प्रश्न नाही, तिथे झाकणाची खोल खाचच उजेड अडवते.

बुरशी. शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं ती खूण) उघडं धरून मागून टॉर्च मारा. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. काठाला थोडी असेल तर फोटोवर फारसा परिणाम होत नाही, कॅमेरा वापरा. लेन्स स्वतः खोलायच्या भानगडीत पडू नका.

## टप्पा २: रेंजफाइंडर खरं बोलतोय का

बहुतेक जण हाच टप्पा गाळतात.

खिडकीच्या मधोमध पिवळट ठिपका असतो आणि त्यात दुसरी प्रतिमा दिसते. ठिपकाच दिसत नसेल तर आधी खिडकी फुंकून, मऊ कापडानं पुसा. तरी फिका असेल तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर, बरोबर मध्यभागी, काळ्या टेपचा अगदी छोटा तुकडा लावा. दुसरी प्रतिमा लगेच उठून दिसते. झोर्की-४ मध्ये रिवाइंडच्या बोंडाखाली डोळ्याचा नंबर जुळवायची कळ असते. ‘कॅमेऱ्यात सगळं धूसर दिसतं’ म्हणणाऱ्या अनेकांनी ती कळ कधी हलवलेलीच नसते.

आता लांबची तपासणी. फोकसची रिंग अनंतावर न्या आणि किलोमीटरभर दूरचा मोबाइल टॉवर, विजेचा मनोरा किंवा गावाची पाण्याची टाकी बघा. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. आपल्याकडे सपाट वावरापलीकडे असा मनोरा सहज सापडतो. मात्र हे काम सकाळी करा. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, मनोराच नाचतो, आणि जुळलेला कॅमेराही बिघडलेला वाटतो. प्रतिमा वरखाली सरकलेली असेल तर ते डोळ्याला खटकतं, पण फोकस चुकत नाही. आडवी सरकलेली असेल तर मात्र फोकसच चुकतो.

मग जवळची तपासणी. सपरीत टेपनं १ मीटर मोजा. मोजायचं ते फिल्म जिथे बसते तिथपासून, लेन्सच्या तोंडापासून नाही. त्या अंतरावर उभी काठी ठेवा, प्रतिमा जुळवा आणि रिंगवर आकडा किती येतो ते बघा.

शेवटची आणि सगळ्यांत खात्रीची: झाकण उघडून फिल्मच्या दोन रुळांवर दुधी, खरखरीत सेलोटेप ताणून लावा. शटर बी वर, बटणात बसणाऱ्या केबलनं उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. टेपवर उलटं चित्र उमटेल. खिडकीत काठी जुळलेली असताना टेपवरही ती रेखीव दिसली की लेन्स आणि रेंजफाइंडर एकमेकांशी प्रामाणिक आहेत. बघताना डोक्यावरून दुपट्टा ओढून घ्या, म्हणजे चित्र स्पष्ट दिसेल.

तपासा: लांब जुळतं पण जवळ चुकतं, किंवा उलट? मग तूर्त एफ/८ पेक्षा मोठं (म्हणजे त्याहून लहान आकड्याचं) अ‍ॅपर्चर उघडू नका. दुरुस्ती होईपर्यंत एफ/११ आणि एफ/१६ तुमची चूक बरीच झाकतील.

## टप्पा ३: रोल भरणं

सावलीत भरा, भर उन्हात बसस्टँडवर नाही. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून अंगाच्या आडोशानं.

१. फिल्मची जीभ दुसऱ्या बाजूच्या चरख्याच्या खाचेत घाला. झोर्की-फेडमध्ये हा चरखा सुटा असतो आणि विकणाऱ्यांकडून हमखास हरवतो. विकत घेतानाच विचारा.

२. झाकण उघडं असतानाच एकदा पुढे ओढा. वरखालची दोन्ही दाती भोकांत बसली पाहिजेत.

३. झाकण लावा. रिवाइंडचं बोंड हलक्या हातानं उलट फिरवून आतली ढील काढा.

४. पुढचे दोन फोटो कोरे मारा. प्रत्येक वेळी फिल्म ओढताना रिवाइंडचं बोंड आपोआप फिरलं पाहिजे.

तपासा: बोंड फिरत नसेल तर रोल जागचा हललेलाच नाही. काउंटरवर जाऊ नका, फिल्म असो-नसो, तो पुढे जातोच. उघडा आणि पुन्हा भरा. ही एक तपासणी केली तर कोऱ्या रोलांची निम्मी रड मिटेल.

नंतर आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) लावा आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर कागदी टेपवर लिहून ठेवा: कोणती फिल्म, किती आयएसओ, कधी भरली.

सावध: भरलेला कॅमेरा मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. उन्हाळ्यात तिथलं तापमान फिल्म खराब करतं आणि लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. ओल्या फडक्यात गुंडाळणंही बरोबर नाही, ओल आत जाते. कोरडं जाड कापड आणि सावली पुरे. सोयाबीन किंवा तूर काढताना मळणीयंत्राजवळ जायचं असेल तर कॅमेरा पिशवीत बंद ठेवा, फोटोपुरता बाहेर काढा आणि तिथे लेन्स वा झाकण उघडू नका.

## टप्पा ४: उजेड मोजणं

मीटर असलं तरी हा हिशेब पाठ करा. निरभ्र उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ २०० ला १/२००, म्हणजे चकतीवर १/२५०. शटर तेच ठेवून उजेड उतरेल तसं अ‍ॅपर्चर उघडत जा:

- ऊन आहे पण आभाळ मळकट, सावल्या मऊ: एफ/११
- ढगाळ, सावली जवळजवळ नाही: एफ/८
- दाटून आलेलं, पोळ्याच्या सुमाराचं आभाळ: एफ/५.६
- झाडाची किंवा भिंतीची सावली, वर आभाळ मोकळं: एफ/५.६ ते एफ/४
- मातीच्या घरात, दारातून येणाऱ्या उजेडात, आयएसओ ४००: एफ/२ आणि १/३०

उन्हाळ्यात आयएसओ ४०० भरू नका. कॅनोनेट आणि याशिकाचं शटर १/५०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे दुपारी तुम्ही एफ/१६ वर अडकता. १०० किंवा २०० घ्या. ४०० पावसाळ्यासाठी आणि घराच्या आतल्या फोटोंसाठी ठेवा.

दोन चुका खास आपल्या भागातल्या. डोक्याला दुपट्टा बांधलेल्या माणसाचा चेहरा दुपारी अगदी गडद सावलीत असतो आणि खाली काळी माती असल्यामुळे जमिनीवरून उजेड वर फेकला जात नाही. उन्हाच्या हिशेबानं फोटो काढलात तर दुपट्टा येतो, चेहरा येत नाही. दोन स्टॉप, म्हणजे एफच्या दोन पायऱ्या, जास्त उजेड द्या. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सोसते, कमी उजेड नाही.

दुसरी चूक मीटरवाल्यांची. कापसाच्या ढिगावर मीटर फसतं, कारण त्याला सगळं जग करडं हवं असतं. याशिकात ढीग भरून घेताना आयएसओची चकती २०० वरून १०० वर आणा आणि फोटो झाला की परत न्या. नांगरलेल्या काळ्या वावरात उलटं होतं, तिथे मीटर गरजेपेक्षा जास्त उजेड देतं आणि पांढरा बैल जळतो. याशिकाच्या खिडकीत लाल बाण दिसला तर उजेड जास्त आहे, पिवळा दिसला तर शटर संथ आहे, हात हलेल.

## टप्पा ५: फोटो काढताना

टोपण काढा. गंमत वाटेल, पण टोपण घालून काढलेले अख्खे रोल असतात. टोपण फेकून साधा यूव्ही फिल्टर लावला तर हा प्रश्न मिटतो आणि धुळीपासून भिंगही वाचतं.

पण कापडी पडद्याच्या कॅमेऱ्याला मग दुसरा धोका आहे. एसएलआर कॅमेऱ्यात असतो तसा आरसा मध्ये नसल्यामुळे लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंग ऊन पडद्यावर गोळा करतं आणि कापड जळून भोक पडतं. झोर्की गळ्यात अडकवून चालताना लेन्स आभाळाकडे वळू देऊ नका. बाजेवर ठेवायचा तर पालथा. टोपण ठेवायचंच असेल तर या कॅमेऱ्यासाठी ठेवा आणि दोरीनं बांधा.

जवळचं काढताना खिडकी आणि लेन्स यांच्या नजरेत फरक पडतो. कॅनोनेट आणि याशिकातली चौकट फोकसबरोबर सरकते, झोर्कीत नाही. तिथे दीड मीटरच्या आत डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा.

पोळ्याला तोरण तुटल्यावर बैल पळतात, आठवडी बाजारात कुणी थांबत नाही. तिथे ठिपके जुळवत बसू नका. अंतर आधीच लावून ठेवा. ४० मिमी लेन्स, एफ/१६, फोकस साधारण साडेतीन मीटरवर: पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. ५० मिमी असेल तर सव्वापाच मीटरवर लावा, अडीच-पावणेतीन मीटरपासून पुढचं मिळेल. पोळ्याला आभाळ भरलेलं असतं. तेव्हा आयएसओ ४०० ला १/१२५ आणि एफ/८ ते एफ/११ एवढंच हाती लागतं, मग रेखीव येणारा पट्टाही तेवढा कमी धरा.

## टप्पा ६: रोल बाहेर काढणं

छत्तिसाव्या फोटोनंतर हाताला अडसर लागला की थांबा. आणखी एक मिळेल म्हणून जोर लावला की भोकं फाटतात. रिवाइंडची कळ दाबा किंवा कडं फिरवा आणि सावकाश गुंडाळा. हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत झपाझप गुंडाळलं तर फिल्मवर स्थिर विजेच्या रेघा उमटू शकतात. ढिलं पडल्याचा अंदाज आला तरी आणखी दहा फेरे द्या, मगच झाकण उघडा.

फिल्म आत तुटली किंवा अडकली तर झाकण उघडून ‘जरा बघू’ नका. रात्री, बिनखिडकीच्या खोलीत, दिवे बंद करून गोधडीखाली उघडा, हातानं गुंडाळून काळ्या डबीत टाका.

रंगीत रोल मोठ्या शहरातल्या लॅबला कुरियरनं पाठवणं सोपं. काळा-पांढरा मात्र घरी धुता येतो.

## टप्पा ७: काळा-पांढरा रोल घरी धुणं

तयारी. लागणाऱ्या वस्तू: डेव्हलपिंग टँक, काळी चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात फिल्म हाताळायची), मोजपात्र, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन, इथे आयडी-११ धरला आहे), रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), आणि स्वयंपाकघरातला किंवा माशांच्या टाकीचा थर्मामीटर. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, त्याची सुरुवातच ३५ अंशांच्या आसपास होते.

पाणी. छतावरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात इतकं तापतं की त्यात फिल्म घालू नये. आदल्या रात्री पाणी माठात भरून ठेवा, पहाटे वापरा. बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवलं तर कोरड्या हवेत त्या चांगल्या गार होतात. बर्फ वापरायचा तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, बाटलीबाहेरच्या घमेल्यात. पावसाळ्यात फडक्याची युक्ती चालत नाही, तेव्हा बर्फच.

रसायनांचं ठरलेलं तापमान २० अंश, ते जमत नसेल तर हट्ट करू नका. २४ वर स्थिर राहा आणि सगळी रसायनं आणि धुण्याचं पाणीही त्याच्या दोन अंशांच्या आत ठेवा. एक गार, एक गरम असा धक्का बसला की फिल्मवरचा थर सुरकुततो.

वेळ. इलफर्ड एचपी५ प्लस, आयएसओ ४००, आयडी-११ एकास एक (जितका डेव्हलपर तितकंच पाणी) पातळ केलेला: २० अंशांना १३ मिनिटं, २४ ला सुमारे ९. पातळ न करता वापरला तर २० ला साडेसात मिनिटंच लागतात, आणि २४ ला ती पाचच्या आसपास येतात. इतक्या कमी वेळात अर्ध्या मिनिटाची चूकही दिसते, डागही पडतात. म्हणून उन्हाळ्यात पातळच वापरा.

क्रम.

१. खराब फिल्मवर उजेडात, मग डोळे मिटून रिळावर चढवायचा सराव करा. खरी फिल्म पहाटे चढवा. घामट हात बॅगेत घातले की आतली हवा दमट होते आणि फिल्म रिळाला चिकटते. रीळही पूर्ण कोरडं हवं.

२. डेव्हलपर ओता. पहिले दहा सेकंद टँक उलटसुलट करा, पुढे प्रत्येक मिनिटाला दहा सेकंद. दर वेळी बूड ओट्यावर ठोका, बुडबुडे सुटतात.

३. डेव्हलपर ओतून द्या, साध्या पाण्यानं टँक दोन-तीनदा भरून रिकामा करा.

४. फिक्सर एकास चार, तीन ते पाच मिनिटं. त्याआधी कापलेल्या जिभेचा तुकडा फिक्सरमध्ये टाकून बघा, तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ द्या. तुकडा स्वच्छ होतच नसेल तर फिक्सर मेलेला आहे.

५. धुणं. नळ सोडून अर्धा तास धुवायची चैन आपल्याला परवडत नाही, आणि गरजही नाही. टँक भरा, ५ वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. एवढं पुरतं.

६. शेवटचं पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार वाळून फिल्मवर पांढरे ठिपके पाडतात आणि ते नंतर सहजी निघत नाहीत. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी ठिपके न धरता ओघळू देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाका.

७. न्हाणीघरात आधी पाणी शिंपडून धूळ बसवा, फिल्म चिमट्यानं टांगा, खाली वजन लावा, दार लावून घ्या. पंखा नको, कूलर तर नकोच.

सावध: रसायनं थंड पेयाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. घरात लहान मुलं असतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो विहिरीजवळ, धुऱ्यावर किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतायचा नाही. नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवा.

## टप्पा ८: कॅमेरा ठेवणं

चामड्याचं कव्हर आधी काढा, बुरशी तिथेच राहते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. रंग बदलला की जेल मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. कूलर असलेल्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवू नका. बाहेर कितीही कोरडं असलं तरी त्या खोलीत रात्रभर ओल फिरत असते, म्हणजे पावसाळा संपल्यावरही बुरशीचा हंगाम चालूच. शटर ताणलेलं ठेवू नका. महिन्यातून एकदा सगळे वेग मारून घ्या.

## निगेटिव्ह बघून चूक ओळखा

पट्टी खिडकीपाशी धरा आणि आधी कडेचे आकडे-अक्षरं बघा.

- कडेची अक्षरं आहेत, मध्ये काहीच नाही: धुणं बरोबर झालंय. फिल्म सरकली नाही, टोपण राहिलं किंवा शटर उघडलं नाही. टप्पा १ आणि ३.
- अक्षरंही नाहीत, पट्टी काचेसारखी स्वच्छ: डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला.
- पट्टी दुधी, ढगाळ: फिक्सिंग कमी पडलं. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घाला, सुधारते.
- कडेपासून आत येणारे काळे पट्टे: झाकणातून उजेड शिरला. फोम.
- प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका: पडद्याला भोक. कागदावर तो पांढरा दिसेल.
- फोटो एकमेकांवर चढलेले: फिल्म ओढायची यंत्रणा घसरतेय.
- फोटोंचा उजेडच चुकलेला: याशिकात फिल्म ओढताना ‘खट्’ असा आवाज येत नसेल तर आतला रबरी तुकडा झिजलाय. तो बदलून घ्यावा लागतो आणि तोवर मीटरवर भरवसा नाही.
- लांबचं रेखीव, चेहरे धूसर: टेप लावून टप्पा २ पुन्हा करा.